बासुंदीचा नमुना नेला, माणसांचा कोण नेणार?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पोटाच्या विषाणूंवर देशभर ‘करडी नजर’ असल्याची बातमी कालच्या अंकात वाचली. ही नजर आमच्या मांडवापर्यंत कधी पोचली नाही, म्हणून हे पत्र.

मी आचारी. वाईच्या आसपास तीसएक वर्षं लग्नामुंजींची कामं घेतो. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात साडेचारशे पानांचं लग्न होतं. जिलबी, मसालेभात, मठ्ठा, काकडीची कोशिंबीर, आणि वरपक्षाचा हट्ट म्हणून बासुंदी. दुपारी पंगती उठल्या, सगळे विडा खाऊन गेले. दुसऱ्या दिवशी रात्री फोन सुरू झाले. उलट्या, जुलाब, अंगात कसकस. साठ-सत्तर माणसं आजारी. तिसऱ्या दिवशी एका दैनिकात (तुमच्या नव्हे, तेवढे उपकार) मथळा आला, ‘लग्नात बासुंदीतून विषबाधा’.

मग अन्न-औषध खात्याचे साहेब आले. वधूपित्याच्या फ्रीजमध्ये उरलेल्या बासुंदीचा एक डबा होता, तो लाख लावून नेला. महिन्याने कागद आला, बासुंदीत दोष नाही. तो कागद मी त्या दैनिकाला नेऊन दाखवला. छापला? नाव सोडा. तोवर माझ्या दिवाळीनंतरच्या तीन सुपाऱ्या गेल्या होत्या.

माझी भाची लॅब टेक्निशियनचा कोर्स करते. ती म्हणाली, मामा, दूध नासून त्यात विष झालं असतं तर एक ते सहा तासांतच माणसं ओकली असती. दीड दिवसाने एवढी माणसं एकदम ओकू लागली तर आधी नोरोव्हायरस या पोटाच्या विषाणूवर संशय घ्यायचा, त्याला 12 ते 48 तास लागतात. शिवाय नवरीची आजी मांडवात आलीच नव्हती. तिने घरी मऊ खिचडी खाल्ली होती. तिलाही चौथ्या दिवशी उलट्या. बासुंदी काय काठी टेकत आजीच्या खोलीत गेली?

आता खरं तेही सांगतो. काकडी कोचवणारा पोरगा लग्नाच्या आदल्या दिवशी तीनदा डबा घेऊन पळाला होता. सकाळी म्हणाला, ‘आता बरंय मामा.’ मी त्याला कामाला उभा केला. बरं वाटल्यावरही दोन दिवस तरी अशाला अन्नाजवळ येऊ द्यायचं नसतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. हाताला सॅनिटायझर चोळायला लावून मी निर्धास्त. तर या विषाणूला सॅनिटायझरचं फारसं काही वाटत नाही, त्याला साबण आणि वाहतं पाणीच लागतं. म्हणजे दोष माझ्या मांडवातला असेलही. पण तो कोशिंबिरीतला, पोराच्या हाताचा, की टँकरच्या पाण्याचा, हे कळायला एका तरी आजाऱ्याचा शौचाचा नमुना नको का घ्यायला? दवाखान्यात मी तोंड उघडून विचारलं. उत्तर मिळालं, ‘सलाइन लावलंय ना? मग झालं.’ केसपेपरवर दोन शब्द, फूड पॉयझनिंग. तुमच्या त्या देशव्यापी नजरेला यातलं काय दिसणार?

आणि जमत नाही म्हणू नका. माझी बायको अंगणवाडी सेविका होती. पोलिओच्या काळात एखाद्या पोराचा पाय अचानक लुळा पडला, की चोवीस तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने बर्फात घालून जायचे. म्हणून तर 2011 नंतर देशात मूळ (वाइल्ड) पोलिओ विषाणूचा एकही रुग्ण सापडला नाही हे छातीठोक सांगता येतं. रोटाव्हायरसचं तसंच. 2005 पासून दवाखान्यांत दाखल झालेल्या लहान पोरांचे नमुने तपासले, तेव्हा कळलं की जुलाबाने दाखल होणाऱ्या पाचातल्या जवळपास दोघांना रोटा आहे. पुढे लस आली, 2019 ला आपल्या राज्यातही आली, माझ्या नातवाला तिचे तिन्ही डोस मिळाले. केरळात 2021 साली वायनाडच्या कॉलेजातल्या पोरांचे नमुने तपासले, म्हणून नोरोचं नाव निघालं. आमच्याकडे? पुण्यात जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्त्याच्या भागात माणसांचे हातपाय लुळे पडले (जीबीएस, जुलाबानंतर होऊ शकणारा आजार), तेव्हा शौच तपासलं. त्यात कॅम्पायलोबॅक्टर हा जिवाणू आणि नोरो दोन्ही निघाले. आधीचे जुलाब कोणी मोजले होते? माझ्या गिऱ्हाइकांचे हातपाय धड राहिले हे नशीब म्हणायचं, पण मग नमुना कोण घेतो!

पोटाच्या आजाराची बातमी आली की तुम्ही पाणीपुरीवाल्याचा तोच फोटो छापता. निळा शर्ट, स्टीलचं पिंप. मी तो निदान चार वेळा पाहिलाय. त्या माणसाच्या पाण्याचा तरी नमुना कोणी घेतला होता का?

कळावे.

आपला,
एक आचारी, वाई

ता. क. रविवारच्या पुरवणीत बासुंदीच्या कृतीत साखर सुरुवातीलाच दुधात टाकायला सांगितली आहे. ज्यांनी लिहिलं त्यांनी एकदा पाच लिटरची करून बघावी आणि मग पातेलं स्वतः घासावं. साखर दूध आटल्यावर.