माऊ, मिरचीला पाणी कुठनं सुटतं ते सापडलं

सांगली, रविवार संध्याकाळ

चि. माऊस अनेक आशीर्वाद.

फोनवर सांगावं म्हटलं तर तू ऑफिसात असतीस नाहीतर बसमध्ये, म्हणून लिहूनच पाठवतोय, सावकाश वाच. भाऊबीज झाल्यावर तू खिमा भरून ढोबळी मिरची केलीस, वर चीज घातलंस, आणि झाकण काढलं तर कढईत सगळं पाणी, मिरची लिबलिबीत आणि खिमा मधोमध कच्चा. तू काही बोलली नाहीस, सगळं गुपचूप बाजूला काढलंस आणि आम्हाला अंडाकरी करून वाढलीस. ते मला तेव्हापासून टोचतंय गं. तुझ्या हातात काही कमी नाही, ही भाजी तुला कुणी नीट समजावूनच दिली नव्हती, मी पण नाही. म्हणून गेले चार रविवार मीच करून बघितली.

खिम्यापासनं सांगतो. अर्धा किलो मटणाचा खिमा, सहा मिरच्यांना पुरतो. खाटकाला मशीनमधनं काढू नको म्हणायचं, सत्तुरानं हातानं बारीक करून दे म्हणायचं, थोडा वेळ लागतो पण दाताखाली मटण लागतं. तू कच्चाच भरलास तिथं घोळ झाला. अख्ख्या मटणाच्या तुकड्यावर जंतू वरच्या बाजूला असतात, खिमा करताना ते आत मिसळून जातात, म्हणून खिमा आतपर्यंत ७१ अंशाला तरी पोचला पाहिजे, आणि मिरचीत ठासून भरल्यावर मध्यापर्यंत ती उष्णता जायला लय वेळ लागतो, तोवर मिरचीचा लगदा होतो. त्यामुळं खिमा आधी पूर्ण शिजवूनच भरायचा. दोन कांदे चांगले लाल कर, आलं-लसूण, एक टोमॅटो, हळद, आणि घरनं दिलेली कांदा-लसूण चटणी दीड चमचा. (हळद आपल्या पेठेतलीच वापर, २०१८ पासनं सांगलीच्या हळदीला जीआय मानांकन आहे, रंग बघितलास की कळेल.) झाकून अर्धा तास मंद गॅसवर, मग झाकण काढून परत परत आटव. कडेनं तेल सुटलं पाहिजे आणि उलथन्यानं मधी रेघ ओढली तर ती तशीच राहिली पाहिजे, पाणी भरून यायला नको. शेवटी कालचा भात एक वाटी कुस्करून घाल, राहिलेला रस तो पिऊन घेतो. मीठ हात राखून, कारण चीजमध्ये असतंच.

आता मिरची. खाली चार उंचवटे असलेली घे म्हंजे कढईत उभी राहते. मंडईत एक बाई सांगत होत्या की चारवाली मादी आणि तीनवाली नर, ते खरं नाही, फळात नर-मादी नसतं, मी शाळेत इतकी वर्षं फूल उकलून हेच शिकवलं. लाल मिळाली तर लाल घे, ती हिरवीच असते फक्त पिकलेली, म्हणून गोड. आणि क जीवनसत्त्व हिरवीपेक्षा जास्त. हंगेरीत सेगेडला सेंट-ज्यॉर्जी म्हणून शास्त्रज्ञ होते, त्यांच्या बायकोनं एका रात्री जेवणात लाल मिरची दिली, ती खायचं मन होईना म्हणून ते प्रयोगशाळेत घेऊन गेले, आणि मध्यरात्रीपर्यंत कळलं की हे क जीवनसत्त्वाचं कोठारच आहे. १९३७ ला त्यांना नोबेल मिळालं. तिकडं भरली मिरची घरोघरी टोमॅटोच्या रसात शिजवतात, आणि तुर्कस्तानात डोल्मा म्हणतात, त्याचा अर्थ पण भरलेलं असाच, आपल्या भरल्या वांग्यासारखा.

तर मिरचीत नव्वद टक्क्यांच्या वर पाणी असतं, ते आधी काढायचं. देठाकडचं टोपण काप, बिया आणि आतल्या पांढऱ्या शिरा काढ, आतनं मीठ चोळून वीस मिनिटं पालथी घाल. ताटलीत पाणी साठलेलं दिसेल तुला. मग पुसून भर, कढईत दोन चमचे तेलात उभी कर आणि मंद गॅसवर पंधरा मिनिटं, मधी मधी कूस बदलून, सालीवर काळे ठिपके आले पाहिजेत.

हे सगळं करून पण दुसऱ्या रविवारी मला पाणी दिसलंच. तिसऱ्या रविवारी झाकण उचलून उजेडात धरलं तेव्हा लक्षात आलं, आतनं थेंब थेंब लोंबत होते आणि ते सगळे मिरचीत पडत होते. आईनं मोदकाच्या वेळी करते तसं झाकणाला सुती फडकं बांधून दिलं, आणि झालं काम, कढई कोरडी. चीज एकदम शेवटी किसून घाल आणि दोनच मिनिटं झाक, जास्त ठेवलंस तर तेल सोडतं आणि चिवट होतं. मी साधा चीजचा ठोकळा वापरला, तो सारखा वितळतो.

आज्जी माळकरी, तिच्यासाठी दोन मिरच्या बेसन आणि दाण्याचं कूट भरून वेगळ्या कढईत केल्या, आधी तिच्या केल्या मग आपल्या. आज दोन्ही संपवल्या तिनं आणि विचारलं, पोरगी कधी यायलीय. येणार असशील तर शुक्रवारीच सांग, रविवारी दुकानात सातलाच जावं लागतं, उशीर झाला की चांगला भाग राहत नाही. करायची तूच, मी कांदा कापून देतो.

तुझा,
पप्पा

ता. क. फडक्याची चारी टोकं झाकणाच्या वर गाठ मारून बांध, खाली लोंबली तर गॅसवर पेट घेतील.