तारामतीला आधी विचारायला हवं होतं

जेलरोड, नाशिकरोड

प्रिय नाना,

तुझा फोन लागत नाही, लागला तर तू उचलत नाहीस. दिवसभर वसुलीवाल्यांचे फोन येत असताना कुणाचाच उचलावासा वाटत नाही, हे समजतं मला. म्हणून पत्र. थेट सिडकोत येऊन दार वाजवलं असतं, पण वहिनींना यातलं किती माहीत आहे ते मला ठाऊक नाही, आणि तुझ्या आधी माझ्या तोंडून त्यांना कळावं असं मला वाटत नाही.

मला कळलं ते त्या कर्जाच्या अ‍ॅपवाल्यांकडून. तुझा फोटो आणि खाली 'फ्रॉड' असं लिहिलेला मेसेज मला आला. तुझ्या साडूंनाही गेला, कंपनीतही गेला म्हणे. नाना, तो वाचून तुझ्याबद्दलचं माझं मत तसूभरही बदललं नाही. संताप आला तो पाठवणाऱ्याचा. आणि तुझं दसऱ्याच्या सुमारास बोललेलं वाक्य आठवलं. तू म्हणालास, "गरीब असतो तर बरं झालं असतं. गरिबाला मान तरी असतो. कर्जबाजाऱ्याला तोही नाही."

हे वाक्य गेले कित्येक दिवस माझ्या डोक्यातून जात नाही. मला वाटतं, ते आपण दोघांनी मिळून वाचलेल्या कादंबऱ्यांनी तुझ्या तोंडी घातलंय. सार्वजनिक वाचनालयातून एकाच्या कार्डावर आणायची आणि दोघांनी वाचायची, असं चालायचं आपलं. आठव त्यातली गरिबी. चाळीतली एक खोली, पातळाला ठिगळ पण खोली लख्ख, आजारी आई, मुलगा शाळेत पहिला. रस्त्यात सापडलेलं पाकीट तो मालकाला नेऊन देतो आणि बक्षीस घेत नाही. खोलीचं भाडं किती, आईच्या औषधाला महिन्याला किती लागतात, वाण्याचं किती थकलंय, हे चारशे पानांत कुठे येत नाही. शेवटी कुणी श्रीमंत नातेवाईक निघतो किंवा मुलगा साहेब होतो. हा गरीब काही मागत नाही, म्हणून आपल्याला तो आवडतो. आणि जो मागतो, उसने घेतो, तो त्याच लेखकांच्या हातात विनोदी पात्र होतो: वाण्याला चुकवून दुसऱ्या गल्लीने जाणारा, घरमालक आला की माळ्यावर लपणारा. खऱ्या आयुष्यात ही दोन माणसं वेगळी नसतात. पाकीट परत करणाराच वाण्याला चुकवत असतो. आपल्या वाचनातला हा खोटेपणा तू स्वतःला लावून घेतलायस, आणि त्याचा मला त्रास होतो.

कुसुमाग्रजांची 'कणा' घे. नाशिकच्या माणसाला ती पाठ नसेल असं होत नाही. गंगामाईच्या पुरात घरदार गेलेला विद्यार्थी सरांकडे येतो, आणि पैसे नकोत म्हणतो. शाळाशाळांतून त्या नकाराचं कौतुक होतं, होऊ दे. मला मात्र त्या कवितेत दुसरंच दिसत राहतं. त्याची हकिकत ऐकताच सरांचा हात आपसूक खिशाकडे गेलाय. का, कसं, परत कधी देशील, काही विचारलेलं नाही. त्या मुलाने ते पैसे घेतले असते तर त्याचा कणा मोडला असता का? मला नाही वाटत. पुरात घर वाहून गेलेल्याने पैसे घेणं आणि वडिलांच्या बायपाससाठी तू कर्ज काढणं, यात लाज वाटण्यासारखं काय आहे, ते मला कुणीतरी समजावून सांगावं.

दुसरी गोष्ट तर आपल्या त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या माणसाची. दादासाहेब फाळक्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकून विलायत गाठली, सरस्वतीबाईंचे दागिने गेले, आणि १९१३ मध्ये सिनेमा काढला तो राजा हरिश्चंद्राचा. कर्ज काढून काढलेला सिनेमा, आणि गोष्टही देणं फेडण्यासाठी बायको-पोर विकणाऱ्या राजाची. ही गोष्ट आपण लहानपणापासून सत्यवचनाची म्हणून ऐकली. तारामती स्वतःच 'मला विका' म्हणाली, असंही सांगतात. पण ती म्हणाली केव्हा? राज्य देऊन झाल्यावर, दक्षिणा अंगावर आल्यावर, काशीच्या बाजारात उभं राहायची वेळ आल्यावर. स्वप्नात राज्य देण्याआधी कुणी तिला विचारलं नव्हतं. तिला कळलं तेव्हा तिच्या हातात स्वतःला विकण्यापलीकडे काही उरलंच नव्हतं.

सरस्वतीबाईंचं तसं नव्हतं. नवऱ्याने काय मांडलंय ते त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. त्या फिल्मला भोकं पाडायच्या, रसायनं कालवायच्या, एवढ्या सगळ्या माणसांचा स्वयंपाक करायच्या. ते कर्ज दोघांचं होतं. वहिनींना तू तारामतीच्या जागी नेऊन ठेवू नकोस. आज त्यांना सगळं सांगितलंस तर त्यांच्याकडे चार वाटा आहेत. उद्या दारात माणूस उभा राहिल्यावर कळलं तर एकही नाही.

दारातल्या माणसाबद्दल साने गुरुजींनी लिहिलंय तेवढं खरं मी दुसरीकडे वाचलेलं नाही. 'श्यामची आई' त्यांनी इथेच, नाशिकच्या तुरुंगात, फेब्रुवारी १९३३ मध्ये अवघ्या पाच दिवसांत लिहिलं. त्यातल्या एका रात्रीचं नावच 'कर्ज म्हणजे जिवंतपणीचा नरक'. सावकाराचा माणूस घरी येतो आणि वाट्टेल ते बोलतो, आणि ते घाव आईच्या जिवावर बसतात. कर्ज वडिलांच्या नावावर, बोलणी आईने ऐकायची. ज्या नाशिकरोडला देशाच्या नोटा छापल्या जातात, तिथेच राहून मी रोज त्या बाजूने कामाला जातो, आणि अलीकडे तू हटकून आठवतोस.

आता माझ्या टेबलावरचं सांगतो. पतसंस्थेत सोनेतारणाचा काउंटर सांभाळतो तेव्हापासून एक दृश्य बघतोय, जे कुठल्याच कादंबरीत मला भेटलं नाही. तिथे दागिना गहाण पडला की प्रकरण संपतं, वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी. आमच्याकडे पंचवटीतली एक फुलवाली दर जूनमध्ये पोत घेऊन येते. आमचे सराफ ती कसोटीवर घासतात, पिवळी रेघ उमटते, तिच्यावर अ‍ॅसिडचा थेंब सोडतात. रेघ तशीच राहिली की वजन. तेव्हा बाई पुढे वाकून काटा बघते आणि म्हणते, "मणी किती धरले वजा? मागच्या खेपेला कमी धरले व्हते." मग दरावरून अर्ध्या टक्क्यासाठी हुज्जत घालते. पाकिटावर सील, सह्या, पावती कमरेच्या पिशवीत. पोराची फी भरते, आणि दिवाळीत झेंडूचा धंदा झाला की पोत सोडवून नेते. डोळ्यांत टिपूस नाही. तिला आपलं व्याज तोंडपाठ असतं. नाना, मला तुझ्याबद्दल एवढंच हवंय, की तुला तुझं व्याज तोंडपाठ व्हावं.

कारण तुझ्या क्रेडिट कार्डाचंच बघ. तू म्हणालास ऐंशी हजार आहेत आणि 'मिनिमम' नियमित भरतोय. महिन्याला साडेतीन टक्के धरले तर व्याज २,८०० रुपये. त्यावर अठरा टक्के जीएसटी, ५०४ रुपये. पाच टक्क्यांप्रमाणे तू ४,००० भरलेस, तर मुद्दलातून सुटले जेमतेम सातशे. एवढं पोटाला चिमटा काढून सातशे! तेच ऐंशी हजार सोन्यावर वर्षाला बारा टक्क्यांनी उचललेस तर महिन्याचं व्याज आठशे होतं. बाकीचं सगळं मुद्दलात. वहिनींच्या पाटल्यांना हात लावायचा नाही असं तुझं ठाम मत आहे, ते मला माहीत आहे, आणि त्यामागचं तुझं मनही. पण त्या पाटल्या कपाटात आहेत आणि दरमहा हजारो रुपये बाहेर चाललेत. हा निर्णय वहिनींचा आहे. त्या नाही म्हणाल्या तर नाही, विषय संपला. त्यांना विचार मात्र.

याची टोपी त्याला घालणं आजपासून बंद कर. एका अ‍ॅपचं फेडायला दुसरं अ‍ॅप, त्याचं फेडायला कार्डावरून रोख रक्कम, यात तू अडकलायस. आणि त्या ओळखीच्या माणसाकडे अजिबात जाऊ नकोस. तो 'दहा टक्क्यांनी' देतो म्हणजे महिन्याला दहा, वर्षाला एकशे वीस. सावकारीचा परवाना दाखव म्हण त्याला. महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याने विनापरवाना सावकारी गुन्हा आहे, आणि तक्रार जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते.

वसुलीवाल्यांना घाबरतोस तेवढे अधिकार त्यांना नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीसाठी फोन करता येत नाही. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांत बदनामी, काहीच चालत नाही. कर्ज देणाऱ्या अ‍ॅपला तुझ्या फोनमधले नंबर उचलायचीही मनाई आहे. मला आलेला मेसेज मी जपून ठेवलाय, साडूंकडूनही घेऊ, आणि दोघं मिळून सायबर पोलिसांकडे जाऊ. नुसतं कर्ज थकलं म्हणून कुणी तुला तुरुंगात टाकत नाही. चेक दिला असशील आणि तो वटला नाही तर ते वेगळं प्रकरण आहे, तेवढं मला आधी सांग.

बँकेच्या मोठ्या कर्जासाठी लेखी अर्ज करायचा: ओव्हरटाइम बंद झाला, पगार इतका घटला, हप्ता कमी करून मुदत वाढवून द्या. नव्वद दिवस थकलं की खातं एनपीएत, म्हणजे बँकेच्या थकीत कर्जांच्या यादीत, जातं आणि मग बँकेचाही सूर बदलतो, म्हणून हे आधी व्हायला हवं. अर्जाची पोच घ्यायची. त्यांनी तक्रार ऐकलीच नाही, तर तीस दिवसांनी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, फुकट. अर्ज मी लिहितो, ते माझं रोजचं काम आहे.

१८७५ साली पुणे जिल्ह्यात सुप्याचे शेतकरी उठले तेव्हा त्यांनी सावकारांच्या घरातले रोखे आणि वह्या बाहेर काढून जाळल्या. पुढे १८७९ मध्ये सरकारला शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. जाळपोळीचं समर्थन मी करत नाही. पण अख्ख्या गावाला आपण सगळेच कर्जात आहोत हे ठाऊक होतं, म्हणून ते एकत्र आले. तुझ्या कंपनीत, तुझ्या लाइनवर, तुझ्यासारखे कितीजण असतील याचा विचार कर. प्रत्येकजण डबा खाताना फोन पालथा ठेवतो आणि आपण एकटेच असे आहोत समजतो.

आता जे लिहायचंय ते लिहिताना माझा हात जड झालाय. त्या दिवशी तू तुझ्या विम्याचा आकडा सांगितलास आणि म्हणालास, "त्यात सगळं फिटतं." तू सहज बोलून गेलास असं मी मानणार नाही. नाना, त्या हिशेबात तू नाहीस, आणि तू नसलेला कुठलाही हिशेब मला मान्य नाही. वहिनींना कर्ज फिटलेलं घर नकोय, तू असलेलं घर हवंय. असा विचार पुन्हा मनात आला तर रात्री दोन वाजताही मला उठव. माझ्याशी बोलवत नसेल तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. हा नंबर वहिनींनाही दे.

माझ्याकडे वीस हजार आहेत. ते अ‍ॅपवाल्यांच्या घशात घालायचे नाहीत, पोराच्या फीला लावायचे. परत कधी, हे मी विचारणार नाही. हिला सांगितलंय, तिचीही हरकत नाही.

रविवारी सकाळी दहाला दोघंही इकडे या, जेवूनच जा. येताना कर्जाचे करार, कार्डाची गेल्या सहा महिन्यांची स्टेटमेंटं, पगाराच्या स्लिपा आणि बँकेचं पासबुक घेऊन ये. अ‍ॅप डिलीट करू नकोस, आधी सगळे स्क्रीनशॉट काढून ठेव; कर्ज नेमकं कुठल्या कंपनीचं आहे ते त्यातूनच कळेल. पाटल्या आणू नका, त्यांचं नंतर बघू.

तुझा,
भाऊ