तक्रार : पाइप नवा बसवला, भोक मात्र सिमेंट आणि फोमनं बुजवलं

प्रति,
व्यवस्थापक, देखभाल विभाग
(आमच्या सोसायटीच्या अग्निशमन यंत्रणेचे वार्षिक कंत्राटदार)

विषय : स्प्रिंकलरचे पाइप स्लॅब आणि भिंतीतून जातात तिथलं चुकीचं काम, आणि तरीही सही केलेला फॉर्म बी (यंत्रणा सुस्थितीत असल्याचा दाखला)

महोदय,

८६,४०० रुपयांच्या बिलासाठी तुमच्या ऑफिसमधून तीनदा फोन आला. बिल का अडवलंय ते तोंडी सांगून झालं. आता लेखी देतो.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात आमच्या वॉचमननं सांगितलं की रात्री जॉकी पंप (लाइनमधलं प्रेशर टिकवणारा छोटा पंप) दर वीस-पंचवीस मिनिटांनी आपोआप सुरू होतो. म्हणजे लाइनमधलं प्रेशर कुठेतरी उतरत होतं. दोन दिवस शोधाशोध झाली. शेवटी बेसमेंटच्या छताला एक ओला डाग सापडला, जिथून अडीच इंची पाइप वरच्या पोडियम पार्किंगकडे जातो तिथे. तुमच्या मुलांनी भोकातलं सिमेंट फोडलं तेव्हा मी शिडी धरून उभा होतो. स्लॅबच्या वर पाइप लालभडक, खाली लालभडक, आणि मधल्या सहा इंचांत इतका सडलेला की स्क्रूड्रायव्हर आरपार गेला. पोडियमवर रोज सकाळी गाड्या धुतात. ते पाणी पाइपला धरून भोकात उतरायचं आणि आतच कोंडून राहायचं. पाइप सरकवताना तिथला रंग आधीच खरवडला गेलेला. स्लीव्ह (पाइपभोवती बसवायची मोठी नळी) नाही, जमिनीच्या वर काठ नाही, काही नाही.

पाइपचा तुकडा बदलला, वेल्डिंगही चांगलं झालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यानंतर तुमच्या मिस्त्रीनं काय केलं? त्याच भोकात परत सिमेंटचा गोळा दाबला! ज्यानं पाइप खाल्ला तीच व्यवस्था पुन्हा. मी एसटीच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं काढली आहेत. हलणारा पाइप बॉडीतून न्यायचा तर आधी भोकाला रबर बसवायचं, हे आमच्याकडे पहिल्या महिन्यात हेल्परला शिकवत. इथला पाइपही हलतो. मुख्य पंप सुरू झाला की लाइनला जो दणका बसतो तो हात ठेवून बघा. सिमेंटमध्ये आवळलेला पाइप तो दणका त्याच काठावर सोसतो.

दुसरी जागा याहून वाईट. तळघरातल्या जिन्याच्या लॉबीला फायर डोअर आहे, त्यावर १२० मिनिटांचा शिक्का आहे. त्याच दाराच्या वर भिंतीतून तुमचा पाइप जातो आणि भोवतीची जागा पिवळ्या फोमनं भरली आहे. सुपरवायझर म्हणाले, फायर फोम आहे. डबा दाखवा म्हटलं तर म्हणे टाकून दिला. मग त्यातला बोटभर तुकडा गच्चीवर नेऊन काडी लावली. काळा धूर सोडत भुरकन पेटला आणि अर्ध्या मिनिटात संपला. दार दोन तास टिकणार आणि त्याच्या डोक्यावरचं भोक अर्धं मिनिट, तर त्या दाराचे पैसे आम्ही कशाला दिले? खाली आग लागली तर धूर तिथूनच जिन्यात शिरेल, आणि चौदा मजल्यांची माणसं त्याच जिन्यानं उतरणार आहेत.

तुमच्या माहितीपत्रकात ‘एनएफपीए १३ प्रमाणे काम’ असं छापलं आहे, म्हणजे स्प्रिंकलर बसवण्याच्या अमेरिकी नियमाप्रमाणे. त्यात साडेतीन इंचांपर्यंतच्या पाइपला भोक दोन इंच मोठं आणि चार इंच किंवा त्याहून मोठ्या पाइपला चार इंच मोठं ठेवायला सांगितलं आहे. सुपरवायझरना हे दाखवलं तर ते हसले. म्हणाले, काका, तो अमेरिकेतला भूकंपाचा नियम आहे, पुण्यात कशाला? भूकंपासाठी आहे हे खरं. पण १९६७ साली कोयनेचा हादरा पुण्यापर्यंत जाणवला होता, आमच्या घरी फडताळातली भांडी खाली आली होती. असो. त्या इंचांसाठी मी अडून बसणार नाही, कुठे जागा नसेल तर भिंतीच्या दोन्ही बाजूंना फ्लेक्सिबल कपलिंग (पाइपला थोडं हलू देणारा सांधा) टाका, तीही सोय त्याच नियमात आहे. पण भोकं आगीला अडतील अशी बंद करणं हा काही अमेरिकेचा नियम नाही. आपल्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत, २०१६ च्या आवृत्तीत, चौथ्या भागात ते आहे.

त्यानंतर मी आणि तिसऱ्या मजल्यावरचा एक कॉलेजचा मुलगा टॉर्च घेऊन दोन्ही बेसमेंट आणि राइझरची (मजल्यांवर जाणाऱ्या उभ्या पाइपची) शाफ्ट फिरलो. एकूण ३७ भोकं. ११ सिमेंटनं आवळलेली, ९ फोमची, बाकी १७ उघडी. एका उघड्या भोकात सिमेंटच्या गोणीचा कागद कोंबून वर लाल रंग मारला आहे. यातली बरीच बिल्डरच्या काळातली, तुमची नाहीत, हे मान्य. पण जानेवारी आणि जुलै, दोन्ही वेळा यंत्रणा सुस्थितीत असल्याचा फॉर्म बी तुमच्या लायसनवर सही करून आला. जुलैचा तर त्या फोमनंतर आठच दिवसांनी. ती सही टॉर्च मारून झाली की ऑफिसात बसून?

तेव्हा, तुम्ही बंद केलेली दोन्ही भोकं स्वखर्चानं उघडा. स्लॅबमध्ये जीआयची (जस्त चढवलेल्या लोखंडाची) स्लीव्ह टाका, वरच्या जमिनीपासून दोन इंच उंच ठेवा, मधे रॉकवूल (दगडापासून केलेली, न जळणारी लोकर) भरा आणि वरून फायर सीलंट (आग अडवणारा लेप) लावा. लॉबीच्या भिंतीलाही तसंच. सीलंटचं टेस्ट सर्टिफिकेट आधी दाखवा आणि भोक बंद करण्यापूर्वी मला फोटो काढू द्या. उरलेल्या ३५ भोकांचं वेगळं कोटेशन द्या, रास्त असेल तर कमिटी मंजूर करेल. जुलैचा फॉर्म बी दुरुस्त करून पाठवा. पंधरा दिवसांत काम सुरू झालं नाही तर हे पत्र फोटोंसह अग्निशमन संचालनालयाकडे जाईल, कारण तुमचं लायसन तिथलं आहे.

येण्याच्या आदल्या दिवशी फोन करा. स्लॅबमधल्या भोकाखाली तीन गाड्या लागतात, त्यातल्या एकीचे मालक नाशिकला असतात आणि चावी माझ्याकडे आहे.

आपला,
सचिव
(कमिटीच्या वतीनं)

सोबत : ३७ भोकांची यादी आणि फोटो, फॉर्म बीची प्रत, पिशवीत फोमचा तुकडा. तुम्हीही काडी लावून बघा, पण उघड्यावर.