हिरकणी कक्षात नळ हवा

मा. संपादक,

हिरकणी कक्षाची, म्हणजे आईने बाळाला निवांत पाजायच्या खोलीची, पाटी एसटी स्थानकांत आणि सरकारी कचेऱ्यांत दिसते, ही चांगलीच गोष्ट आहे. पण आत डोकावले तर बहुतेक ठिकाणी एक खुर्ची आणि एक पडदा. बाळ मांडीवर असलेल्या आईचे त्यावर भागते. रजा संपवून कामावर रुजू झालेल्या आईचे बाळ मात्र घरी असते. तिला दूध काढायचे असते, ते थंड ठेवायचे असते आणि पंप धुवायचा असतो. त्यासाठी पाणी, प्लग आणि आतून लागणारी कडी हवी. सांगली-मिरजेतल्या शाळा, बँका, दवाखाने आणि कुपवाड एमआयडीसीतले कारखाने यांनी हे मनावर घ्यावे, म्हणून हे पत्र. नोकरदार आयांनाही यातले काही उपयोगी पडेल.

कायदा बाईच्या बाजूने आहे. १९६१ चा मातृत्व लाभ कायदा मूल १५ महिन्यांचे होईपर्यंत, नेहमीच्या सुट्टीखेरीज, दिवसातून दोनदा स्तनपानासाठी वेळ देत आला. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी भरपगारी रजा २६ आठवड्यांची केली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सक्ती केली. आता त्या कायद्याची जागा घेतलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही या तरतुदी आहेत. आता हिशेब करा: २६ पैकी ८ आठवडे बाळंतपणाआधीच गेले, तर रुजू होताना बाळ जेमतेम चार महिन्यांचे असते. वरचे पाणीसुद्धा द्यायचे नाही, असे ते वय.

दूध पुरेल का, याची धास्ती मात्र उगाच मोठी असते. एक ते सहा महिन्यांचे बाळ दिवसरात्रीत सरासरी ७५० मिली दूध पिते, म्हणजे तासाला साधारण ३० मिली. जाण्यायेण्यासकट आई दहा तास बाहेर असेल, तर ३०० मिली पुरे. दर तीन तासांनी १५ ते २० मिनिटे दोन्ही बाजूंचे काढले आणि एका वेळी ६० ते १०० मिली निघाले, तर ते उत्तमच. मोबाइलवर दिसणाऱ्या काठोकाठ बाटल्यांकडे बघून खंत करू नये. फ्रीझर भरून ठेवायचीही गरज नाही. रुजू व्हायच्या दोन-तीन आठवडे आधीपासून, सकाळी पाजून झाल्यावर एकदा काढत गेले, की पहिल्या दोन दिवसांची सोय होते. पुढे आज काढलेले उद्या पाजायचे.

वेळ चुकवू नये. एकदा चुकली तर छाती दाटते, रोजच चुकली तर गाठी धरतात आणि दूध बनणेही कमी होते. गाठीवर लाली आणि अंगात ताप असेल, तर शेक घेत बसू नये, डॉक्टर गाठावा.

खरी अडचण धुण्याची. दुधाला लागणारे भाग म्हणजे छातीला लावायचा फनेल, त्याचा जोड, रबरी व्हॉल्व्ह आणि बाटली; बऱ्याच पंपांत दूध नळीत चढू नये म्हणून एक डायफ्रामही असतो. मोटर पाण्यात घालायची नाही. दूध काढून झाले की भाग लगेच सुटे करून वाहत्या पाण्याखाली धरावेत. मग त्यासाठीच ठेवलेल्या टबात, साबणाच्या गरम पाण्यात, त्यासाठीच ठेवलेल्या ब्रशने घासावेत. बेसिनमध्ये थेट ठेवू नयेत, कारण तिथे सगळ्यांच्या डब्यांचे खरकटे धुतले जाते. स्वच्छ पाण्याने खळबळून स्वच्छ कापडावर उघडे वाळवावेत. फडक्याने पुसले की फडक्यातले जंतू आत जातात. ओलसर भाग डब्यात कोंडले तर बुरशी येते. बाळ दोन महिन्यांच्या आतले, अपुऱ्या दिवसांचे किंवा अशक्त असेल, तर घासून झाल्यावर रोज एकदा पाच मिनिटे उकळावेत.

‘साबणाच्या पाण्यात भिजत टाकले, संध्याकाळी विसळू’ ही युक्ती सर्वांत वाईट. २०१६ मध्ये अमेरिकेत अपुऱ्या दिवसांच्या एका बाळाला क्रोनोबॅक्टर या जंतूची बाधा होऊन मेंदूला गंभीर इजा झाली. तपासात तोच जंतू पंपावर, दुधात आणि स्वयंपाकघरातल्या बेसिनच्या मोरीत सापडला. त्या घरी पंपाचे भाग तासन् तास साबणाच्या पाण्यात पडून राहत आणि न घासता नुसते विसळले जात.

कामाच्या ठिकाणी तीन वेळा असे धुणे जमत नाही, हे मान्य. त्यावर आमचा सरळ सल्ला: महागडा पंप घेण्यापेक्षा साधा घ्या आणि उरलेल्या पैशांत फनेल-व्हॉल्व्हचे दोन जादा संच घ्या. वापरलेला संच नळाखाली धरून वेगळ्या पिशवीत टाकायचा आणि घरी गेल्या गेल्या तिन्ही नीट घासायचे. न धुता पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवायचा आणि पुन्हा तोच वापरायचा, असेही काहीजणी करतात. थंडीत जंतू मंदावतात, मरत नाहीत. लहानग्या किंवा अशक्त बाळासाठी हे करूच नये.

दूध अचानक कमी निघू लागले की ‘आटले’ म्हणून मेथीच्या लाडवांकडे वळण्याआधी व्हॉल्व्ह उजेडात धरून बघा. त्याच्या बदकाच्या चोचीसारख्या टोकाची चीर मिटलेली हवी. ब्रश आत खुपसल्याने ती फाटते आणि पंपाची ओढ जाते. मोटर मात्र तशीच घरघरत राहते, म्हणून कळत नाही. चोच बोटांनी हलकेच चोळून धुवावी आणि रोजचा वापर असेल तर दोन-तीन महिन्यांनी व्हॉल्व्ह बदलावा. बोअरच्या पाण्याने भागांवर क्षारांचा पांढरा थर बसतो. निम्मे व्हिनेगर, निम्मे पाणी यात अर्धा तास ठेवून पुन्हा धुतले की तो निघतो. नळीत वाफ धरली तर बाकी भाग काढून मोटर थोडा वेळ नुसती चालवावी. काळे ठिपके दिसले तर नळी फेकून द्यावी.

फनेलचे मापही बघावे. खोक्यात बहुधा २४ मिमीचा येतो आणि पुष्कळजणींना तो मोठा होतो. स्तनाग्राच्या रुंदीपेक्षा दोन ते चार मिमी जास्त, एवढेच माप हवे. मोठ्यात भोवतालची कातडी ओढली जाते, लहानात स्तनाग्र घासून सोलते. जोर वाढवला म्हणून दूध वाढत नाही, दुखणे तेवढे वाढते. सुरुवातीला हलका, भरभर वेग ठेवावा. पान्हा फुटला की संथ आणि खोल.

काढलेले दूध २५ अंशांपर्यंत चार तास टिकते, असे सांगतात. एप्रिल-मेमध्ये सांगलीचा पारा चाळिशीकडे असताना तो हिशेब विसरावा. गोठवलेले आइस पॅक घातलेल्या जाड पिशवीत ते २४ तास राहते. घरच्या फ्रिजमध्ये दारात न ठेवता आत मागच्या बाजूला ठेवले तर चार दिवस. बाटलीवर तारीख आणि वेळ लिहावी.

घरी पाजणारी बहुधा आजी असते. तिला एवढेच सांगून ठेवावे: दूध गॅसवर तापवायचे नाही, बाटली कोमट पाण्याच्या भांड्यात धरायची. वर साय दिसली म्हणजे नासले नाही, हलकेच फिरवले की मिसळते. बोंडले किंवा वाटी-चमचा वापरावा, तो धुवायला सोपा. एका वेळी ६० ते ९० मिलीच काढून घ्यावे, कारण उष्टे दूध दोन तासांपलीकडे ठेवता येत नाही.

आता मालकांकडे, मुख्याध्यापकांकडे आणि आगारप्रमुखांकडे मागणे. स्वच्छतागृहाचा कोपरा नको; तिथे दूध काढायला लावणे म्हणजे शौचालयात स्वयंपाक करायला सांगणे. एक छोटी खोली, टेबल, प्लग, नळ, हात धुवायचा साबण आणि कडी, बस्स. आणि दिवसातून दोनदा अर्धा तास, तोंड वाकडे न करता. फिरतीवरच्या आशाताई आणि एसटीच्या महिला वाहक यांना तर खोलीही नाही. त्यांना प्रसूती कक्षातच, घरी सोडण्याआधी, हाताने दूध काढायला शिकवावे. त्याला ना वीज लागते ना व्हॉल्व्ह. सांगली, मिरज, सातारा, कऱ्हाड या स्थानकांतल्या कक्षांत नळ आला, तर दोन फेऱ्यांमध्ये त्यांचे काम होईल. आणि कक्षाला कुलूप असेल, तर किल्ली कोणाकडे आहे ते पाटीवरच लिहावे.

— नोकरदार बाळंतिणींना सल्ला देणाऱ्या परिचारिका, मिरज (जि. सांगली)