मुहूर्त, टिळक पूल आणि छायाचित्रकार

महोदय,

लग्नसराई सुरू झाली की, मंगलाष्टकांच्या वेळी छायाचित्रकार मंचावर भिंतीसारखे उभे राहतात आणि निमंत्रितांना वधूवरांऐवजी त्यांच्या पाठी पाहाव्या लागतात, अशी तक्रार करणारी पत्रे वृत्तपत्रांतून येऊ लागतात. मी १९९४ पासून मुंबईत लग्नांची छायाचित्रे काढतो, म्हणजे त्या पाठींपैकी एक पाठ माझी असते. तक्रार खरी आहे, हे आधीच मान्य करतो. परंतु मंचावर एवढी गर्दी का होते, याचे उत्तर मंचावर शोधून सापडणार नाही. ते लग्नाच्या वेळापत्रकात आहे, आणि ते वेळापत्रक आमच्यापैकी कोणी आखलेले नसते, म्हणून हे पत्र.

शहरातले हौसेचे, खर्चाचे लग्न आता एका जागी होत नाही. नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस आम्ही केलेल्या एका लग्नाचे उदाहरण देतो. आदल्या संध्याकाळी हळद आणि संगीत वरळीच्या एका हॉटेलात, रविवारी सकाळी वधूची तयारी दादर पूर्वेच्या हिंदू कॉलनीतल्या राहत्या घरी, मुहूर्त दादर पश्चिमेच्या एका सभागृहात, दुपारनंतर फोर्टमध्ये दोघांची छायाचित्रे आणि रात्री लोअर परळला, जुन्या गिरणीच्या आवारात उभ्या राहिलेल्या एका इमारतीच्या गच्चीवर स्वागतसमारंभ, अशा पाच जागा होत्या. नियोजन करणाऱ्या मंडळींनी आम्हाला सात पानांचा ‘फ्लो’, म्हणजे कार्यक्रमाचे वेळापत्रक, पाठवला होता. वराची एंट्री कोणत्या गाण्याच्या कोणत्या कडव्यावर होणार आणि करवल्यांनी फुलांची चादर कोणत्या दारापासून धरायची, इतका बारीक हिशेब त्यात होता. एका जागेवरून दुसऱ्या जागी जायला किती वेळ लागेल, यासाठी मात्र सात पानांत एकही ओळ नव्हती. नऊ वाजता हिंदू कॉलनीतले काम संपत होते आणि नऊ वाजून पाच मिनिटांनी सभागृहातले सुरू होत होते.

दादर पूर्वेकडून पश्चिमेला जायचे म्हणजे टिळक पूल ओलांडायचा, हे दादरकरांना सांगायला नको. सप्टेंबर २०२५ मध्ये प्रभादेवीचा एल्फिन्स्टन पूल पाडकामासाठी बंद झाल्यापासून पूर्व-पश्चिम जाणाऱ्या गाड्यांचा बराच भार याच पुलावर आला आहे, आणि त्यात तो दिवस मुहूर्ताचा असल्यामुळे फुलबाजाराची गर्दी खालच्या रस्त्यांवर उतरलेली होती. एरवी दहा मिनिटांच्या वाटेला त्या सकाळी पाऊण तास लागला. वधू, तिचे आईवडील आणि मामा गाडीत अडकले. माझा सहकारी दोन कॅमेरे गळ्यात अडकवून कोणाच्या तरी मोटारसायकलवर पुढे निघून गेला आणि रिकाम्या सभागृहात बाजंत्र्यांचे फोटो काढत बसला.

याची किंमत गौरीहराने मोजली. पिवळी अष्टपुत्री नेसून, डोके खाली घालून वधू एकटी अन्नपूर्णेपुढे बसते, बाहेर लगबग चाललेली असते आणि तिच्याभोवती मात्र शांतता असते. माझ्या मते मराठी लग्नातला छायाचित्रासाठी सर्वांत श्रीमंत काळ हाच, आणि त्या वेळी मंचावर कोणाच्या आड येण्याचाही प्रश्न नसतो. पूर्वी तिथे अर्धा तास सहज मिळायचा. त्या दिवशी चार मिनिटे मिळाली, कारण मुहूर्त अकरा वाजून बावन्न मिनिटांचा होता आणि गुरुजी मुहूर्त चुकवणारे नव्हते, जे योग्यच होते. सकाळचे सगळे विधी असे आवळले गेले की दिवसभरात हमखास हाती लागेल असा एकच क्षण शिल्लक राहतो, तो अंतरपाट दूर होण्याचा, आणि मग सगळे कॅमेरे त्याच्यावर तुटून पडतात.

त्या मुहूर्ताला मंचावर आम्ही सात जण होतो. कुटुंबाने सांगितलेला मी आणि माझा सहकारी, परंपरागत पद्धतीने सगळे विधी सलग टिपणारा एक व्हिडिओवाला, नियोजकांनी वेगळे आणलेले, नकळत फोटो टिपणारे कॅन्डिडवाले दोघे, गिंबल (चालतानाही कॅमेरा स्थिर ठेवणारा दांडा) हातात घेऊन वधूवरांभोवती फिरणारा सिनेमॅटिकवाला आणि मागच्या एलईडी भिंतीवर थेट चित्र पाठवणारा आणखी एक. अंतरपाट धरणारे दोघे, दोन्ही मामा, करवल्या, गुरुजी आणि त्यांचे सहायक वेगळेच. ‘सावधान’ म्हटल्यावर कापड खाली जाते आणि हार पडतात, याला फार तर दहा-पंधरा सेकंद लागतात. एकदा दूर झालेला अंतरपाट पुन्हा धरता येत नाही, त्यामुळे सातांपैकी कोणीही अर्धे पाऊल मागे घ्यायला तयार नसतो. (एका लग्नात एका उत्साही कॅमेरावाल्याने वराला हार काढून पुन्हा घालायला सांगितले होते. तेव्हा गुरुजींनी त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिले, ते छायाचित्र माझ्याकडे आहे, पण ते कोणाच्याही अल्बमात गेलेले नाही.)

रात्री घरी येऊन फाइली उतरवताना माझ्याच एका छायाचित्रात मला वधूची आजी दिसली. पहिल्या रांगेत चाकांच्या खुर्चीत बसलेली आणि मूठभर अक्षता धरलेला हात तसाच वर ठेवून, एका व्हिडिओवाल्याच्या कमरेच्या बाजूने मान वाकडी करून पाहण्याचा प्रयत्न करणारी. तिच्या नातीचे लग्न तिच्यापासून पंधरा फुटांवर लागत होते आणि तिला ते भिंतीवरच्या पडद्यावर पाहावे लागत होते. तक्रार करणाऱ्या पत्रलेखकांचे म्हणणे मला त्या एका चौकटीत पुरते समजले.

आम्ही पूर्वी शहाणे होतो आणि आता बिघडलो, असे मुळीच नाही. मी काकांच्या हाताखाली काम शिकलो, तेव्हा एका रोलमध्ये छत्तीस फोटो निघायचे आणि चांगल्या घरच्या लग्नालाही बारा रोल म्हणजे चैन वाटायची. बारा छत्तिसे चारशे बत्तीस. प्रत्येक खटक्याला पैसे पडत असल्यामुळे काका एका खांबाशी जागा धरून उभे राहत, हार पडताना दोनदा बटण दाबत आणि बाजूला होत. आज मी आणि सहकारी मिळून एका दिवसात चार-पाच हजार फोटो काढतो. अल्बमात त्यांतले दोनशेच्या आसपास लागतात, म्हणजे जवळजवळ पूर्वीइतकेच. मग उरलेले कशासाठी, असे कोणी विचारले तर प्रामाणिक उत्तर असे की, पुढचा विधी वेळेत होईल, त्याला उजेड असेल आणि आम्हाला तिथे उभे राहायला मिळेल, याची कशाचीच खात्री नसते, म्हणून जे समोर येईल ते आम्ही साठवून ठेवतो.

उजेडाचा विषय निघालाच आहे, तर आदल्या रात्रीच्या हळदीविषयी लिहितो, कारण दोष प्रत्येक वेळी कॅमेऱ्याकडे जातो. बंद सभागृहात चोहोबाजूंनी जांभळे आणि गुलाबी एलईडी पार लाइट, म्हणजे रंगीत झोत टाकणारे दिवे, सोडलेले होते. डोळ्यांना ते उत्सवी वाटतात. कॅमेऱ्यात मात्र हळद पिवळी राहत नाही, तपकिरी काळपट होते आणि चेहरे जांभळे पडतात. साध्या बल्बचा उजेड पिवळा असला तरी त्यात सगळे रंग कमीअधिक प्रमाणात असतात, त्यामुळे नंतर संगणकावर तो तोल सावरता येतो. या दिव्यांतून निवडक रंगांचाच उजेड बाहेर पडतो, आणि जो रंग उजेडातच नव्हता, तो फाइलीत कुठून येणार? समोरून दोन साधे पांढरे दिवे लावा, अशी विनंती आम्ही केली. सजावटीचा रंग फिका पडेल, असे उत्तर आले. पंधरा दिवसांनी कुटुंबाने विचारले, “हळद पिवळी का दिसत नाही?” हा प्रश्न आदल्या दिवशी सभागृहात तासभर सगळ्यांनी एकत्र उभे राहून सुटला असता, पण आमची आणि सजावटकारांची पहिली भेट कार्यक्रमाच्या चाळीस मिनिटे आधी झाली.

दुपारची कथा वेगळी नाही. दोघांची छायाचित्रे फोर्टमध्ये एशियाटिक सोसायटीच्या पायऱ्यांवर आणि हॉर्निमन सर्कलच्या कमानींत काढायची, ही वधूची इच्छा होती आणि ती उत्तम होती. रविवारी कचेऱ्या बंद असतात, रस्ते मोकळे असतात. सोसायटी ज्या इमारतीत आहे, त्या १८३३ मध्ये बांधून झालेल्या टाऊन हॉलचे दर्शनी खांब पश्चिमेकडे तोंड करून आहेत, त्यामुळे हिवाळ्यात चार-साडेचारच्या सुमाराला तिथे असा मऊ उजेड येतो की वेगळा दिवा लावावा लागत नाही. ‘फ्लो’मध्ये चारच लिहिले होते. मी सामान घेऊन दादरहून भुयारी मेट्रोने हुतात्मा चौकाला उतरलो आणि चालत पावणेचारला पायऱ्यांशी पोहोचलो. वधूवर मात्र पाच वाजून पस्तीस मिनिटांनी आले. सागरी किनारा मार्गाने त्यांची गाडी झपाट्याने आली. उशीर रस्त्यात झालाच नव्हता, तो सभागृहातून निघतानाच झाला होता. पंगती लांबल्या, कानपिळीला वधूचा भाऊ सापडेना, झाल राहिली होती, आणि पाठवणीला रडण्यासाठी कोणी वेळापत्रकात जागा ठेवत नाही. नोव्हेंबरअखेरीस मुंबईत सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि सर्कलभोवतीच्या इमारतींमुळे पायऱ्यांवरचे ऊन त्याच्या कितीतरी आधीच जाते. एका तासाचे काम आम्ही राखाडी उजेडात बारा मिनिटांत उरकले. वधू तेव्हाच घड्याळ पाहत होती, कारण लोअर परळला केशरचना करणारी बाई सहापासून वाट पाहत होती.

गच्चीवर तर प्रकाशाचा दुसराही मोका गेला. सूर्य मावळल्यावर वीस-पंचवीस मिनिटे आकाश गडद निळे असते आणि शहराचे दिवे लागलेले असतात. उंच गच्चीवर समारंभ घेण्याचे छायाचित्राच्या दृष्टीने कारण असेल तर ते हेच. वधूवर मंचावर आले तेव्हा पावणेआठ वाजून गेले होते आणि मागे नुसता काळोख होता. उघड्या जागी ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद करावे लागतात, म्हणून उरलेल्या दोन तासांत केक, नृत्य, भाषणे आणि तीनशे लोकांचे शुभेच्छांचे फोटो कोंबले गेले. वरून ड्रोन उडवा, असा आग्रह ऐन वेळी झाला. मुंबई पोलिसांचे ड्रोनबंदीचे आदेश वेळोवेळी निघत असतात आणि परवानगीशिवाय ते उडवता येत नाही, हे सांगितल्यावर “बाकीचे तर उडवतात” असे उत्तर मिळाले. त्यावर मी काही बोललो नाही.

एवढे सगळे लिहिल्यावर आमच्याकडून काय सुधारता येईल, हेही लिहायला हवे. मुहूर्ताला मंचावर तीनहून अधिक कॅमेरे नसावेत, त्यांच्या जागा आदल्या दिवशी ठराव्यात आणि हार पडेपर्यंत कोणी त्या सोडू नयेत. गिंबल घेऊन वधूवरांभोवती घिरट्या घालणे मंगलाष्टकांच्या दहा मिनिटांपुरते पूर्ण बंद ठेवावे. सभागृहाला सज्जा असेल तर एक कॅमेरा लांब पल्ल्याची लेन्स लावून तिथे बसवावा. तिथून अंतरपाटाच्या दोन्ही बाजू एकाच वेळी दिसतात, ज्या मंचावर उभे राहून कधीच दिसत नाहीत. यामुळे आमच्या धंद्याचे काही नुकसान होत नाही, फक्त कोणाचा फोटो अधिक जवळून आला, ही चढाओढ सोडावी लागते.

कुटुंबांना विनंती एवढीच की, जागा कितीही घ्याव्यात, परंतु दोन जागांमधला वेळ वेळापत्रकात स्वतंत्र ओळीत लिहावा आणि तो त्याच वारी, त्याच वेळेला एकदा गाडीने जाऊन मोजावा. कुटुंबाचा छायाचित्रकार आणि नियोजकांचे कॅमेरावाले यांची एकदा तरी समोरासमोर गाठ घालून द्यावी. मानाच्या कोणकोणत्या नातेवाइकांबरोबर फोटो हवेत, याची यादी घरातल्या एकाच माणसाकडे असावी. वराची आत्या कोण, हे आम्हाला ओळखता येत नाही आणि ती रागावली तर तिचा राग पुढच्या पिढीपर्यंत चालतो. सभागृहांच्या व्यवस्थापनांनीही आदल्या दिवशी अर्धा तास आत येऊन दिवे पाहू द्यावेत. सकाळचे लग्न चारला उठवून पाचला दुसरे बसवायचे असते, ही त्यांची अडचण आम्हाला कळते, म्हणून मागणी अर्ध्या तासाचीच आहे.

पुढच्या लग्नाच्या घरी मी हे सगळे बोललो तेव्हा वधूच्या वडिलांनी वही काढून लिहून घेतले. फोर्टमधली छायाचित्रे त्यांनी लग्नाच्या दिवसातून काढून आधीच्या रविवारी सकाळी साडेसहाला ठेवली आहेत. सकाळी पायऱ्यांवर थेट ऊन नसते, पण कमानींत उजेड चांगला असतो आणि घाई नसते. मंचावर तीनच कॅमेरे असतील, असे नियोजकांनी तोंडी मान्य केले आहे. वधूच्या आजोबांची खुर्ची पहिल्या रांगेत उजवीकडे लागणार आहे, म्हणून मी डाव्या खांबाशी उभा राहणार आहे.

आपला,
एक छायाचित्रकार,
दादर, मुंबई