एकही घर रिकामं नाही

प्रिय सोन्या,

तू पाठवलेला तक्ता काल रात्री उघडून बसले. आधी नजरेत भरली ती त्याची टापटीप. प्रत्येक क्ष-किरण स्रोतासमोर दृश्य प्रकाशातला त्याचा जोडीदार, मग प्रकार, मग अंतर सांगणारी ताम्रसृती. कुठे 'क्वेसार', कुठे 'सक्रिय दीर्घिका' (दोन्हींच्या पोटात वायू गिळणारं महाकाय कृष्णविवर), अधूनमधून 'तारा'. खाली सरकत सरकत शेवटच्या ओळीपर्यंत गेले, तरी एकही घर रिकामं सापडेना. तेव्हा मी चष्मा काढून ठेवला.

परवा फोनवर तू वैतागून म्हणालास, "आई, हे संशोधन आहे का? नुसती कारकुनी आहे." मी हसण्यावारी नेलं. लिहून सांगते, कारण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस.

आधी कारकुनीचं. १८ जून १९६२ ला अमेरिकेतल्या व्हाइट सँड्सहून एक एरोबी रॉकेट उडालं. वातावरणाच्या वर त्याला जेमतेम सहा मिनिटं मिळाली. रिकार्डो जियाकोनी आणि त्यांची मंडळी चंद्रावरून येणारे क्ष-किरण शोधत होती. चंद्र राहिला बाजूला. वृश्चिक राशीच्या दिशेला एक झगझगीत स्रोत सापडला आणि सगळ्या आकाशभर पसरलेला एक मंद उजेडही दिसला. तो उजेड कुणाचा, यावर पुढे कित्येक वर्षं वाद चालले. अवकाशभर पसरलेला तापलेला वायू असेल, असंही म्हणणारे होते. वाद मिटवला तो यादीनं. चंद्रा नावाच्या क्ष-किरण दुर्बिणीनं दक्षिण आकाशातल्या एका तुकड्याकडे सगळं मिळून ७० लाख सेकंद टक लावून पाहिलं. हा तुकडा पौर्णिमेच्या चंद्राच्या दोन-तृतीयांश असेल नसेल. त्यात १,००८ ठिपके मोजले गेले आणि त्यातले दर दहापैकी सात सक्रिय दीर्घिका निघाले. उजेड पसरलेला नव्हताच, त्यातला बहुतेक सगळा ठिपक्यांचा होता. कुणीतरी एकेका ठिपक्यासमोर 'हा कोण' हे लिहीत बसलं, म्हणून हे कळलं.

मोठ्या याद्यांचा इतिहास तू वर्गात ऐकला असशील, म्हणून पटकन उरकते. १९७० साली केनियाच्या किनाऱ्यावरून उडालेल्या उहुरू या क्ष-किरण उपग्रहाच्या चौथ्या यादीत ३३९ स्रोत होते. १९९०-९१ मध्ये रोसॅट उपग्रहानं सहा महिन्यांत अख्खं आकाश झाडून काढलं, त्यातल्या नुसत्या ठळक स्रोतांची यादी अठरा हजारांवर गेली. आणि आता इरोझिटा ही क्ष-किरण दुर्बीण. तिच्या पहिल्या फेरीची अर्ध्या आकाशाची यादी ३१ जानेवारी २०२४ ला खुली झाली. नऊ लाखांच्या आसपास स्रोत, त्यातली सुमारे ७,१०,००० महाकाय कृष्णविवरं. उच्चारायला सोपा आकडा आहे. पण यातल्या फार थोड्यांचा वर्णपट, म्हणजे प्रकाश रंगारंगांत फोडून, कुणी घेतलाय. बाकीच्यांच्या बाबतीत आपण तर्क करतो, आणि तो तर्क म्हणजेच तुझं काम.

आता तुझी २१२ वी ओळ घे. फोटॉन, म्हणजे पकडलेले क्ष-किरणांचे कण, किती? अकरा. त्यातला एखाददुसरा पार्श्वभूमीचाही असणार. त्रुटिवर्तुळात, म्हणजे स्रोत ज्यात कुठेही असू शकतो त्या वर्तुळात, तीन उमेदवार आहेत: लालसर, बऱ्यापैकी तेजस्वी ठिपका, निळसर मंद ठिपका आणि एक पुसट दीर्घिका. तू दीर्घिका उचललीस. का, हे शेजारच्या रकान्यात लिहिलंयस: 'केंद्राच्या सर्वांत जवळ.' अरे, पण अकरा फोटॉनांचं केंद्र ते किती पक्कं? त्यातले दोन इकडचे तिकडे झाले तर केंद्र सरकून निळ्या ठिपक्यावर जाईल. जवळचा तो आपला, हा नियम गर्दीत चालत नाही. पुसट दीर्घिका आकाशात इतक्या आहेत की कुठेही वर्तुळ काढ, एखादी आत सापडेलच. म्हणून अंतराइतकंच हेही विचारायचं असतं की असला जिन्नस या वर्तुळात निव्वळ योगायोगानं येण्याची शक्यता किती.

मग बाकीचे साक्षीदार बोलवायचे. क्ष-किरणांचा प्रवाह भागिले दृश्य प्रकाशाचा प्रवाह काढ. सक्रिय दीर्घिकेत हे दोन्ही साधारण तोडीस तोड असतात, दहापट इकडे नाहीतर तिकडे. कृष्णविवराभोवतीची तबकडी अतिनील प्रकाश ओतत असते. तिच्या वरच्या प्रचंड तापलेल्या इलेक्ट्रॉनांच्या ढगात तो प्रकाश धक्के खात क्ष-किरण होऊन बाहेर पडतो. सूर्यासारख्या ताऱ्याच्या एकूण तेजात क्ष-किरणांचा वाटा दशलक्षांश, बऱ्याचदा त्याहूनही कमी. त्यानंतर गाया उपग्रहाचा रकाना बघ. ठिपक्याला स्वगती, म्हणजे आकाशातली स्वतःची सरक, असेल तर तो आपल्याच आकाशगंगेतला, क्वेसार जागचा हलत नाही. मग वाइज उपग्रहाचे अवरक्त रंग: कृष्णविवराभोवतीची धूळ तापलेली असेल तर ते लगेच चुगली करतात. एवढं सगळं झाल्यावर वर्णपट मिळाला आणि त्यात मॅग्नेशियमची किंवा कार्बनची रुंद, फुगीर रेषा दिसली, की मग विषय संपला. पण वर्णपट मिळेपर्यंत तो संपलेला नसतो, आणि तुझ्या तक्त्यात मात्र तो जवळपास प्रत्येक ओळीत संपलाय.

आता एक गोष्ट सांगते, जी तुझ्या बाबांनाही अर्धवटच माहीत आहे. मी नवखी होते तेव्हा रोसॅटच्या स्रोतांची एक छोटी यादी माझ्या वाट्याला आली होती. पालोमार वेधशाळेच्या जुन्या छायाचित्रांवरून काढलेले नकाशे टेबलावर पसरायचे आणि वर्तुळात डोकवायचं. एका वर्तुळात एक लाल बुटका तारा होता आणि कडेला दीर्घिकेसारखं काहीतरी पुसट. यादी सक्रिय दीर्घिकांची होती, शेवटची तारीख तोंडावर आली होती. मी दीर्घिका लिहिली. खरं सांगायचं तर मला दीर्घिका हवी होती.

ती यादी छापली गेली. तिच्यातून माझी ओळ एका मोठ्या संकलनात गेली, तिथून दुसऱ्या. तीन वर्षांनी एका अनोळखी विद्यार्थ्याचं पत्र आलं, दोनच ओळींचं. त्यानं फोटॉन येण्याच्या वेळा पाहिल्या होत्या. सर्वेक्षणात रोसॅट दर ९६ मिनिटांच्या फेरीत एका जागेवरून फार तर तीस सेकंद सरकायचा आणि साधारण दोन दिवस पुन्हा पुन्हा तिथे यायचा. माझ्या स्रोताचे जवळपास सगळे फोटॉन एकाच फेरीतले होते. आधीच्या फेरीत शुकशुकाट, नंतरच्या फेरीतही. लाल बुटक्या ताऱ्यावर भडका उडाला होता आणि रोसॅट नेमका त्या तीस सेकंदांत वरून गेला होता. दीर्घिका बिचारी आपली तिथे उभी होती, तिचा या सगळ्याशी संबंध नव्हता.

वेळांची फाइल माझ्याकडे पहिल्या दिवसापासून होती. मी ती उघडलीच नव्हती.

दुरुस्ती छापून आणली, पण त्या दोन संकलनांपैकी एकात ती ओळ अजूनही 'सक्रिय दीर्घिका' म्हणून बसली आहे. मी कधीतरी जाऊन बघून येते. शिक्षा म्हणून म्हण हवं तर.

या धंद्यात चुकीची नावं फार चिवट असतात, त्यात माझी एकटीची काय कथा! बीएल लॅसर्टी १९२९ साली कुनो होफमाइस्टर यांना सापडला तो बदलता तारा म्हणून, आणि नावही ताऱ्याचंच मिळालं. १९६८ मध्ये तिथे रेडिओ स्रोत आहे हे ध्यानात आलं, आणि पुढे कळलं की ही तर दूरची सक्रिय दीर्घिका, जिचा झोत जवळजवळ आपल्याच दिशेनं येतो. आता त्या जातीच्या सगळ्यांना बीएल लॅक म्हणतात. ३सी २७३ या क्वेसारचं उलटं. त्याचं घराणं बरोबर आहे, पण नावं ढीगभर: केंब्रिजच्या रेडिओ यादीत ३सी २७३, पार्क्सच्या रेडिओ यादीत पीकेएस १२२६+०२, उहुरूच्या यादीत ४यू १२२६+०२, आणि आजच्या निर्देशांकांनी म्हणशील तर १२२९+०२०३. १२२६ चे १२२९ झाले ते क्वेसार हलला म्हणून नव्हे. विषुवांश, म्हणजे आकाशातला रेखांश, १९५० चा धरायचा की २००० चा, एवढाच फरक. मधल्या काळात संपातचलनानं, म्हणजे पृथ्वीचा अक्ष हळूहळू डोलल्यानं, मोजपट्टीच सरकली. तुझ्या तक्त्यात हा दोनदा आलाय, बघ. एक ओळ काढून टाक.

आता जी घरं रिकामी असायला हवी होती, त्यांच्याकडे येते. जुन्या सर्वेक्षणांच्या रकान्यात तू 'क्ष-किरण नाही' असं ज्या ओळींत लिहिलंयस, त्या माझ्या डोळ्यांत खुपल्या. नाही म्हणजे काय? दुर्बीण तिथे पुरेसा वेळ पाहत होती आणि काही दिसलं नाही? की त्या कोपऱ्यावरून ती भर्रकन गेली आणि असल्या मंद स्रोताचे दोन फोटॉनही पकडता आले नसते? पहिल्या बाबतीत वरची मर्यादा लिहायची. दुसऱ्या बाबतीत फार काही लिहिताच येत नाही. आणि तिसरीही शक्यता असते. रोसॅटला दिसायचे ते मऊ, म्हणजे कमी ऊर्जेचे क्ष-किरण, ०.१ ते २.४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे. कृष्णविवराभोवती वायूचं दाट कडं असेल तर ते आतच विरतात. त्याच दीर्घिकेकडे स्विफ्ट उपग्रहावरच्या बॅट या उपकरणानं १४ ते १९५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये पाहिलं तर ती पेटलेली दिसते. बॅटच्या १०५ महिन्यांच्या यादीत अवघे १,६३२ स्रोत आहेत, इरोझिटापुढे अगदी किरकोळ, पण त्यात अशा पडद्याआडच्या कितीतरी आहेत. मला स्वतःला ती यादी जास्त आवडते. आकड्यांचा डामडौल नाही, आणि जे आहे त्याचा पाठपुरावा कसून केलेला आहे.

तेव्हा असं कर. 'प्रकार' हा रकाना तसाच ठेव, पण त्याच्या शेजारी 'कशावरून' हा आणखी एक घाल: वर्णपट, रंग, स्वगती, की नुसतं अंतर. जिथे नुसतं अंतर आहे तिथला प्रकार पुसून टाक. जोडीदारासमोर शक्यतेचा आकडा दे, आणि दोन उमेदवार तुल्यबळ असतील तर दोघांनाही ठेव. तुझे मार्गदर्शक विचारतील की निम्मा तक्ता मोकळा का. सांग त्यांना. रागावले तर रागावू देत. पुढे वर्णपटासाठी दुर्बिणीचा वेळ मागताना हीच मोकळी घरं दाखवून मागता येतो. भरलेलं घर पुन्हा तपासायला कुणी वेळ देत नाही.

आणि हो, तक्त्यात निळ्या क्वेसारांच्या ओळी छान जमल्यात. १४ व्या ओळीतल्या ताम्रसृतीवर तू घेतलेली शंका माझ्याही मनात आली असती. एकाच रेषेवरून ताम्रसृती ठरवली की ती रेषा मॅग्नेशियमची की हायड्रोजनची, हा घोळ होतोच. तिथे तू प्रश्नचिन्ह टाकलंयस. तसंच बाकीच्या ओळींत टाकायला काय झालं होतं?

२१२ व्या ओळीचं मात्र घाईनं काही ठरवू नकोस. तो लालसर ठिपका मला ओळखीचा वाटतोय. इरोझिटा चार तासांत स्वतःभोवती एक गिरकी घ्यायची, म्हणजे तुझे अकरा फोटॉन वेगवेगळ्या फेऱ्यांत विखुरलेले असायला हवेत. कुठला फोटॉन कधी आला ते काढून पाठव. मी जागी असेन.

तुझी,
आई