दोष पाठीतल्या इंजेक्शनचा नव्हता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आमच्या गल्लीत बारसं होतं. पाळणा म्हणून झाला, घुगऱ्या वाटल्या आणि बायकांची गाडी नेहमीच्या रुळावर आली. "सीझरला पाठीत भुलेचं इंजेक्शन दिलं ना, म्हणून लेकरू मलूल झालं. दोन दिवस काचेत ठेवलं. त्यापेक्षा पूर्ण भूल दिली असती तर बरं झालं असतं." मी 31 वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर होते, 2019 ला निवृत्त झाले. तरी त्या दिवशी तोंड उघडलं नाही. का, ते पुढे सांगते. पण घरी आल्यावर झोप लागेना, म्हणून हे पत्र.

पाठीतल्या इंजेक्शनचं औषध येतं चार मिलीच्या छोट्या काचेच्या कुपीत. बाईला उठवून, पाठीची कमान करायला लावून, कमरेच्या मणक्यांमधून बारीक सुई घालतात. सुईतून पाण्यासारखा स्वच्छ थेंब आला की साधारण दोन मिली औषध सोडतात. चहाच्या चमच्याच्या निम्म्याहून कमी! ते मणक्यातल्या पाण्यात मिसळतं आणि तिथल्याच नसा बधिर करतं. रक्तात उतरतं ते नावाला. मग वारेतून बाळापर्यंत जाणार ते किती?

पूर्ण भुलेचं उलटं असतं. मी नोकरीला लागले तेव्हा आमच्याकडे बरीच सीझर पूर्ण भुलेखालीच व्हायची. आधी पोट पुसून, हिरवी कापडं टाकून घ्यायची, सर्जन सुरी हातात घेऊन उभे, आणि मगच भूलतज्ज्ञ शिरेतून औषध सोडायचे. एवढी घाई कशाला? तर शिरेतलं औषध आईच्या रक्तातून बाळाकडे जातंच, आणि बाळ बाहेर यायला उशीर झाला तर तेही गुंगीत येतं. अशी बाळं मी हातात घेतली आहेत. हातपाय लोंबते, रडणं नाही. पाठ चोळायची, तळव्यावर टिचक्या मारायच्या, नाहीतर तोंडावर मास्क धरून अंबू बॅग, म्हणजे हवा भरायची रबरी पिशवी, दाबायची. बहुतेक बाळं मिनिटा-दोन मिनिटांत रडायची, पण ती मिनिटं कशी जातात ते मला विचारा.

बाळंतपणाच्या कागदावर "8/10, 9/10" असे आकडे असतात. ते अपगार गुण, जन्मल्याबरोबर बाळ कसं आहे ते सांगणारे. श्वास, ठोके, रंग, हातापायांतला जोर आणि टिचकी मारल्यावरचा प्रतिसाद, प्रत्येकाला दोनपैकी गुण. ही पद्धत काढणाऱ्या व्हर्जिनिया अपगार या अमेरिकन बाई स्वतः भूलतज्ज्ञ. 1953 च्या त्यांच्या पहिल्याच लेखात सीझरच्या बाळांची तुलना आहे, आणि मणक्यात भूल दिलेल्या आयांच्या बाळांना पूर्ण भूलवाल्यांपेक्षा जास्त गुण आहेत. हे मला आमच्या भूलतज्ज्ञ मॅडमनी सांगितलं होतं. सत्तर वर्षं झाली, आणि आमच्या गल्लीत अजून उलटंच चाललंय.

पूर्ण भूल वाईट असं मी म्हणत नाही. बाईला झटके येत असतील, रक्त फार जात असेल, रक्त गोठत नसेल, तेव्हा तीच जीव वाचवते. पण "आम्हाला पाठीत नको" असा हट्ट घरच्यांनी धरावा, यात बाळाचं भलं नाही.

आता खरी जपायची गोष्ट, जिच्याबद्दल बारशात कुणी बोलत नाही. पाठीतल्या इंजेक्शनने आईचं ब्लडप्रेशर उतरतं. पायांतल्या रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्त खालीच साठतं. त्यात बाई सपाट उताणी असेल तर भरलेल्या गर्भपिशवीचा भार पाठीमागच्या मोठ्या शिरेवर पडतो. वारेकडे जाणारं रक्त आईच्या प्रेशरवरच चालतं. ते पडलं की बाळाचा प्राणवायू कमी. लगेच सावरलं तर बाळाला काही होत नाही. दुर्लक्ष झालं तर होतं.

एका रात्रीचं सांगते, रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. भूलतज्ज्ञांनी इंजेक्शन दिलं, आणि दुसरीकडून फोन आला म्हणून ते निघून गेले. चार-पाच मिनिटांत बाई पांढरीफटक. "सिस्टर, मळमळतंय, कसंतरी होतंय." ही मळमळ म्हणजे प्रेशर पडल्याची वर्दी, हे थिएटरच्या मावशीलाही माहीत असतं. मशीनवर आकडा 76. मी उजव्या कुशीखाली चादरीची घडी कोंबली, सलाईन धो धो सोडलं, सर्जननी सांगितल्यावर प्रेशर चढवणारं मेफेंटरमिन दिलं. बाळ आलं ते निळसर, ढिलं. अंबू बॅगवर रडलं. पण त्या रात्री इंजेक्शन चुकलं नव्हतं, उशाशी माणूस नव्हतं.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात शंभरातली एकवीस-बावीस बाळंतपणं सीझरने होतात. तालुक्याच्या गावी एक भूलतज्ज्ञ तीन-चार दवाखाने सांभाळतो, मला त्याची ओढाताण ठाऊक आहे. पण इंजेक्शनपासून बाळ बाहेर येईपर्यंत दर मिनिटाला, नाहीतर दोन मिनिटांनी प्रेशर बघायचं असतं. तेवढा वेळ तरी त्याने हलू नये. मोठ्या ठिकाणी आता प्रेशर पडायची वाट न बघता ते धरून ठेवणारं फेनिलएफ्रिन हे औषध आधीपासूनच चालू ठेवतात. आमच्या वेळी हे नव्हतं. नातेवाईकांनी बिलाची चौकशी करतात तशी "भूलतज्ज्ञ शेवटपर्यंत थांबणार ना?" एवढी चौकशी करावी. आणि जाता जाता एसीचं. गाऊन घातलेल्या डॉक्टरांना उकडतं म्हणून थिएटर 18 वर, आणि ओलं बाळ त्यात कुडकुडतं. जागतिक आरोग्य संघटना बाळ जन्मते त्या खोलीला किमान 25 अंश सांगते. याच्यावरून मी दोन सर्जनशी भांडले आहे.

पाठीत भूल दिलेली आई जागी असते, ही तर आणखी मोठी सोय. बाळ तिथेच छातीवर देता येतं, पहिल्या तासात पाजता येतं.

राहता राहिलं बारशातलं बाळ. त्याला काचेत ठेवलं ते धाप लागली म्हणून. सदतीस आठवडे पुरे झाले न झाले तोच सीझर केलं होतं. कळा आल्याच नव्हत्या, म्हणून फुप्फुसातलं पाणी वेळेत शोषलं गेलं नाही. एकोणचाळीस आठवड्यांआधी विनाकारण सीझर केलं की हे जास्त दिसतं. आणि घाई कशाची? तर गुरुजींनी काढून दिलेला मुहूर्त साधायचा होता. सगळ्यांना तो मुहूर्त कौतुकाने सांगणाऱ्या आजीबाई माझ्या शेजारीच बसल्या होत्या. सांगा, बारशात मी काय बोलणार?

त्यांच्या घरी आपलाच अंक येतो. पहिलं पान सासरे वाचतात, पत्रव्यवहार सूनबाई. म्हणून नाव न छापता पत्र छापावं, ही विनंती.

— एक निवृत्त परिचारिका, बार्शी (जि. सोलापूर)